घरभाडे आणि मजुरी : मुंबई, सोलापूर, जालना



या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलणारे विद्वान आपल्याला राजवाडे, तह आणि लढाया यांच्याविषयी सांगून गेले आहेत. मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे त्यातही तह आहेत आणि लढायाही आहेत; मात्र किल्ल्याच्या जागी तेथे दहा बाय दहाची एक खोली आहे. माझी शाळा दहावीपाशी सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा भाषणात पांडित्य सापडणार नाही. हिशेब मात्र चोख ठेवण्याचा प्रयत्न करीन.

गेल्या दिवाळीत अंबड तालुक्यातला एक तरुण आमच्या युनियनच्या कचेरीत आला. भिवंडीकडे एका गोदामात तो कामाला होता. बायको आणि दोन मुले त्याच्याबरोबर तिकडेच. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याला काम मिळत होते. तो म्हणाला, "काका, तिकडं बावीस हजार हातात येतात, पण त्यातले आठ हजार खोलीलाच जातात. इथं पंधरा मिळतील, पण खोली साडेतीनला मिळते. आई-बापही जवळ. येऊ का नको?"

माझ्या तोंडून 'ये' असेच निघणार होते. आपला माणूस आपल्या गावी परत येतो म्हटले की कोणालाही बरेच वाटते. पण मी कागद घेतला आणि वजाबाकी मांडली. तिकडे भाडे देऊन चौदा हजार उरत होते, इकडे साडेअकरा. भाड्यात साडेचार हजार वाचणार होते, पण पगारात सात हजार जाणार होते. कागद बघून तो गप्प बसला. मीही गप्प बसलो, कारण हे गणित मी पूर्वी कुठेतरी वाचले होते. शंभर वर्षांपूर्वी मुंबई आणि सोलापूर या दोन गावांच्या बाबतीत ते सरकारी कागदावर मांडले गेले होते. तेथूनच आपण सुरुवात करू.

मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय स्थापन केले. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली होती, गिरण्यांत संप होत होते, आणि कामगार जगतो तरी कसा हे सरकारला मोजून पाहायचे होते. फिंडले शिराज या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये मुंबईतील २,४७३ कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासण्यात आले आणि १९२३ मध्ये त्याचा अहवाल निघाला. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत भरली ५२ रुपये ४ आणे ६ पै. त्यातले शेकडा ५६.८ अन्नावर जात आणि शेकडा ७.७ घरभाड्यावर, म्हणजे भाडे महिना सुमारे ४ रुपये. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती.

शेकडा पावणेआठ हा आकडा ऐकून आजच्या श्रोत्याला हेवा वाटेल. पण त्या चार रुपयांत मिळत काय होते? त्याच अहवालाप्रमाणे मुंबईचे शेकडा ९७ कामगार एकाच खोलीत राहत होते. भाडे कमी होते ते घर नव्हते म्हणून. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे ८२८ बालमृत्यू नोंदले गेले; चार किंवा अधिक खोल्यांत राहणाऱ्यांत तोच आकडा १३३ होता. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्माची नोंद गावात आणि मृत्यूची मुंबईत होई आणि आकडा फुगे, हे खरे. पण तेवढी सूट देऊनही जी तफावत उरते ती कोणाच्याही काळजाला चटका लावणारी आहे. घराची सगळी किंमत भाड्याच्या पावतीवर लिहिलेली नसते, हा या इतिहासातला पहिला धडा होय.

आता सोलापूरकडे वळू. तेथे १८७७ मध्ये पहिली गिरणी निघाली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. दुष्काळी मुलखातले शेतकरी आणि तेलंगणातले पद्मशाली विणकर तेथे येऊन वसले. त्याच कामगार कार्यालयाने १९२५ मध्ये सोलापूरच्या कामगारांची तशीच चौकशी केली. तेथे कुटुंबाची सरासरी मिळकत चाळीस रुपयांच्या जरा आत भरली, आणि भाडे शेकडा सहाच्या आसपास, म्हणजे सुमारे अडीच रुपये.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. मुंबई सोडून सोलापुरात राहिल्याने भाड्यात दीड रुपया वाचत होता. मिळकत मात्र बारा रुपयांनी कमी होती. मधल्या तीन-चार वर्षांत भाव काहीसे उतरले होते, सोलापुरात ज्वारी जवळच्या शिवारातून येई, आणि गावाकडे जायला बोटीचे किंवा रेल्वेचे मोठे भाडे पडत नसे. हे सारे हिशेबात धरलेच पाहिजे. परंतु गिरणीमालकाच्या बाजूने जे कारण नेहमी सांगितले जाई, की लहान गावात राहणे स्वस्त म्हणून मजुरी कमी, ते कारण भाड्यापुरते तरी या आकड्यांत टिकत नाही. गावाच्या स्वस्ताईतला दीड रुपया कामगाराच्या हाती पडत होता, आणि तिच्याच नावाखाली त्याच्या मजुरीतून त्याच्या आठपट कापले जात होते.

मुंबईतही हिशेब स्थिर राहिला नाही. १९३२-३३ मध्ये पुन्हा चौकशी झाली. जगभर मंदी होती, धान्य स्वस्त झाले होते, मिळकतही दोन रुपयांनी उतरून पन्नासवर आली होती. पण भाड्याचा वाटा शेकडा ७.७ वरून १२.८ वर चढला. अन्न स्वस्त झाल्याने हाती जे चार पैसे राहिले असते, त्यातला मोठा भाग घरमालकाकडे गेला. बर्लिनचे संख्याशास्त्रज्ञ हर्मन श्वाबे यांनी १८६८ मध्येच दाखवून दिले होते की, माणूस जितका गरीब तितका त्याच्या मिळकतीतला भाड्याचा वाटा मोठा. मुंबईच्या कामगाराने श्वाबे यांचे नाव कधी ऐकले नाही. पण त्यांचा सिद्धान्त तो दरमहा पहिल्या तारखेला अनुभवत होता.

घर बांधून देण्याचे प्रयत्नही झाले. १९२० नंतरच्या दशकात मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. सुरुवातीची कित्येक वर्षे त्यातल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. एकीकडे दाटीवाटीची शहरवस्ती आणि दुसरीकडे रिकाम्या सरकारी खोल्या, असे विचित्र दृश्य त्या काळी होते. कामगाराला भाडे परवडले पाहिजे, गिरणी पायी गाठता आली पाहिजे, उधार देणारा दुकानदार आणि गावकीची माणसे जवळ पाहिजेत. नुसत्या चार भिंतींनी घर होत नाही.

गिरणीनेच घर द्यावे, असाही एक विचार होता. नागपूरच्या एम्प्रेस मिलने इंदोरा येथे कामगारांना घरासाठी जागा देण्याचा उपक्रम केला आणि त्याची त्या काळी वाखाणणी झाली. पण मालकाच्या घरात राहण्याची दुसरी बाजू पाहायची तर अमेरिकेत जावे लागेल. शिकागोजवळ जॉर्ज पुलमन या रेल्वेडब्यांच्या कारखानदाराने १८८० नंतर कामगारांसाठी टुमदार गाव वसवले. १८९३ च्या मंदीत त्याने मजुरी सरासरी चौथ्या हिश्श्याने कापली, पण स्वतःच्या घरांचे भाडे एका पैशाने उतरवले नाही. मजुरी देणारा तोच आणि भाडे घेणाराही तोच! १८९४ च्या मे महिन्यात कामगारांनी संप पुकारला, तो देशभरच्या रेल्वेत पसरला आणि लष्कर बोलावून मोडला गेला. पुढे १८९८ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीला कारखान्याला न लागणारी मालमत्ता विकायला लावली. आपल्याकडे ठेकेदाराच्या खोलीत आठ-आठ जण राहतात आणि काम सुटले की त्याच रात्री खोलीही सुटते, तेव्हा पुलमनचे गाव आपल्यापासून फार दूर नाही असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन मोठे बदल एकाच वर्षी झाले. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने गिरणी कामगारांच्या वेतनाचे प्रमाणीकरण केले. मुंबईत किमान मूळ वेतन ३० रुपये ठरले. सोलापुरात ते २६ ठरले. म्हणजे अंतर कमी झाले तरी गावागावांतली पायरी कायम राहिली. त्याच वर्षी मुंबई राज्यात भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि जुन्या खोल्यांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. ज्याच्या नावावर भाड्याची पावती, त्याला त्या कायद्याने मोठे अभय दिले. लालबाग-परळची खोली हे कामगाराचे खरे धन झाले. पण नवीन येणाऱ्याला तीच खोली पागडीवाचून मिळेना. महिन्याचे भाडे स्वस्त आणि उंबरठा ओलांडण्याची किंमत जबर, अशी ती व्यवस्था झाली.

माझे वडील त्या उंबरठ्याबाहेरच राहिले. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून झाल्यावर ते मुंबईला गेले, एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, आणि एका खोलीचा अर्धा भाग पोटभाड्याने घेऊन त्यांनी आम्हाला तिकडे नेले. मध्ये साडीचा पडदा होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि संप कधी विधिवत मिटलाच नाही. वर्षभराने आम्ही जालन्याकडे परतलो. ज्यांच्या नावावर पावती होती ते पगार नसतानाही खोली धरून बसले आणि त्यातले काही तरले. आमच्या नावावर पावती नव्हती. आम्ही पडदा काढून घडी केला आणि निघालो. परत येण्याचा निर्णय वडिलांनी घेतला असे आम्ही म्हणत असू. खरे तर निर्णय घेण्याजोगे त्यांच्यापाशी काही नव्हतेच.

जे मागे राहिले त्यांची लढाईही घरापाशीच येऊन थांबली. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. कामगारांसाठी बांधलेल्या घरांची सोडत २०१२ मध्ये निघाली. घरे होती ६,९२५ आणि अर्ज लाखाच्या वर. उरलेल्यांना शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले आणि घर मुंबईतच हवे असे म्हणाले. कोणाला हा हट्ट वाटेल. पण मुलाची नोकरी मुंबईत आणि घर वांगणीला असेल, तर रोजचे तीन-चार तास कोणत्या पावतीवर लिहायचे? घराचा विचार कामाच्या ठिकाणापासून तोडून करता येत नाही, हे बीडीडी चाळींनी शिकवले होते. शंभर वर्षांनी तोच धडा पुन्हा समोर आला.

आता आपल्या जालन्याकडे येऊ. "जालना सोने का पालना" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे येथून गेली, कापसाची पेठ फुलली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने चालले. तेव्हाचा मजूर हंगामापुरता येई आणि जवळच्या खेड्यात झोपायला जाई. भाड्याचा प्रश्न त्याला नव्हता. पुढे १९६४ मध्ये येथे महिको निघाली आणि बियाण्यांचा धंदा वाढला. १९८१ च्या १ मे रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळयांच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडचे कामगार येऊ लागले. जे आम्ही लालबागला होतो, ते आज चंदनझिऱ्याच्या खोल्यांत आहेत.

कायद्याने भाडे आणि मजुरी यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १९५७ च्या जुलैत नवी दिल्लीच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे सूत्र ठरवले. एका कुटुंबाला तीन माणसांचे पूर्ण अन्न, वर्षाला ७२ वार कापड, इंधन-दिवा व किरकोळ खर्चासाठी शेकडा २०; आणि घरभाडे किती, तर सरकारच्या औद्योगिक गृहयोजनेतील घराचे त्या भागात जे किमान भाडे असेल तितके. कल्पना उदार होती. मात्र जेथे सरकारने घरे बांधलीच नाहीत तेथे कामगार बाजारभावाने भाडे देत राहिला आणि त्याचे वेतन कागदावरच्या घराच्या हिशेबाने ठरत राहिले. महाराष्ट्राने १९८३ मध्ये कामगारांच्या किमान घरभाडे भत्त्याचा कायदा केला. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वेतनाच्या शेकडा पाच किंवा वीस रुपये, यांतले जे जास्त असेल ते. शेकडा पाच! १९२१ च्या एका खोलीलाही शेकडा पावणेआठ पडत होते.

किमान वेतनाचा १९४८ चा कायदा पुढे वेतन संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्यासाठी २०२० मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या मसुदा नियमांत घरभाडे धरले होते ते अन्न-वस्त्राच्या खर्चाच्या शेकडा दहा. माझी आपल्याला विनंती आहे की घरी गेल्यावर किराणा आणि कपडे यांची बेरीज करून तिचा दहावा हिस्सा काढावा, आणि तेवढ्यात जालन्यात कोणती खोली मिळते ते पाहावे. मग त्या बावीस हजारांच्या आणि पंधरा हजारांच्या प्रश्नाचे मूळ कळेल.

आणखी एक गोष्ट परिमंडळांची. राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत गावांचे वर्ग पाडून दर ठरवण्याची पद्धत आहे. मोठ्या शहराला वरचा दर, लहानाला खालचा. जालन्याची महानगरपालिका २०२३ मध्ये झाली. तेव्हा आपला कारखाना हद्दीत येतो की बाहेर, आपल्या उद्योगाची अधिसूचना काय म्हणते, हे प्रत्येक कामगाराने वाचून पाहिले पाहिजे. पाटी महानगराची आणि पगार गावाचा, असे चालू देता कामा नये.

लहान गाव स्वस्त असते हे मी नाकारीत नाही. पण कोणत्या बाबतीत स्वस्त, हे विचारले पाहिजे. २०१३ च्या दुष्काळात जालन्यात घाणेवाडीचा तलाव आटला होता आणि माणसे पाणी विकत घेत होती. त्या वर्षी खोलीचे भाडे कमी असून काय उपयोग होता? ज्या घरात पाणी टँकरचे, दवाखाना संभाजीनगरचा आणि मुलाचे कॉलेज पुण्याचे, ते घर पावतीवर स्वस्त असते आणि वर्षाच्या हिशेबात महाग पडते. उलट आई-बापांचा आधार, घरची ज्वारी, आजारपणात धावून येणारे शेजारी यांचीही किंमत आहे, आणि ती पगाराच्या चिठ्ठीवर कधीच येत नाही.

मग उपाय काय? सोलापूरनेच तो काही अंशी दाखवला आहे. गिरण्या बंद पडल्यावर तेथील कष्टकऱ्यांचा मोठा भाग विडी वळणाऱ्या स्त्रियांचा राहिला. त्यांनी युनियनच्या मार्फत मजुरीबरोबर घर मागितले. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तिचा हस्तांतरण समारंभ झाला. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातली पंधरा हजार घरे कामगारांना मिळाली. शहरापासूनचे अंतर, बसभाडे, पाणी यांचे प्रश्न तेथेही आहेत. परंतु १९२५ मध्ये ज्या गावचा कामगार भाड्यातल्या दीड रुपयावर समाधान मानीत होता, त्या गावच्या बायकांनी घर आपल्या नावावर करून घेतले. ज्याचे घर स्वतःचे, त्याला गाव स्वस्त असल्याचा फायदा खरोखर मिळतो. भाड्याच्या खोलीतल्या माणसाचा तो फायदा अर्धा घरमालक नेतो आणि अर्धा कारखानदार.

शेवटी त्या तरुणाविषयी. मी त्याला ये किंवा नको असे सांगितले नाही. कागदावर पाच ओळी लिहून दिल्या : भाडे देऊन हाती काय उरते, पाणी, प्रवास आणि मुलांची शाळा यांना त्यातून किती जाते, बायकोला काम कोणत्या गावी मिळते, काम सुटले तर खोली राहते की जाते, आणि पाच वर्षांनी पगार वाढण्याची वाट कोठे आहे. त्याने तो कागद बायकोला दाखवला, आणि ते बरे केले, कारण वडिलांच्या वेळी माझ्या आईला कोणी विचारले नव्हते. चैत्रात ते कुटुंब जालन्याला आले. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आले. अडीच हजारांचा तोटा त्यांनी जाणूनबुजून पत्करला.

त्याचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही; आईजवळ राहण्याचा त्याला हक्क आहे. पण आईजवळ राहायचे म्हणून दरमहा अडीच हजार दंड का भरायचा, हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. तो या गावाचा आहे. आपल्यापैकी कोणी कारखानदार असतील, कोणी घरमालक, कोणी नगरसेवक. "जालना स्वस्त आहे" असे यापुढे कोणी अभिमानाने म्हणाले, तर एवढेच विचारावे की, कोणासाठी?